ब्राउझरचे पोटभाडेकरू

ज्याच्या ब्राउझरच्या उजव्या कोपऱ्यात चारांहून जास्त रंगीत चिन्हं दिसतात, तो माणूस थोड्याच वेळात आपल्याला काहीतरी सुचवणार आहे, हे ओळखून असावं. त्याला दुसऱ्याच्या पडद्याकडे नुसतं बघवत नाही. आपण विजेचं बिल भरायला बसलेलो असतो आणि तो मागे उभा राहून "च्च" करतो. या "च्च"चा अर्थ विचारायचा नसतो. विचारलात की तो म्हणतो, "तुम्ही अजून हे असंच वापरता?" आणि त्यापुढची पायरी म्हणजे "जरा सरका." मराठी घरात "जरा सरका" म्हणून खुर्चीवर बसलेला जाणकार चहा झाल्याशिवाय उठत नाही. तो उठतो तेव्हा ब्राउझरला सहा नवी ॲड-ऑन लागलेली असतात, पांढरं पान काळं झालेलं असतं, आणि विजेचं बिल भरायचं राहिलेलं असतं.

या सुचवणाऱ्या मंडळींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा. गणपतीत घरी आल्यावर त्याला मोदकाआधी वायफायचा पासवर्ड लागतो आणि मोदकानंतर मामाचा लॅपटॉप. "मामा, किती गचाळ आहे रे तुझा ब्राउझर!" हे तो इतक्या मायेनं म्हणतो की रागावायची सोय राहत नाही. दुसरा प्रकार निवृत्त मेव्हण्यांचा. त्यांनी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाईनं खुणा केलेल्या असतात. निवृत्तीनंतर खुणा करायला इंटरनेट तेवढं उरतं. ते नवं ॲड-ऑन आधी स्वतः घेऊन बघतात, मग बायकोला देतात, आणि गुण आला की आपल्याकडे येतात. तिसरा प्रकार ऑफिसातला. तो काहीच समजावून सांगत नाही. नुसता स्वतःचा पडदा आपल्याकडे वळवतो. त्यावर एकही जाहिरात नसते. मग तो शांतपणे पुन्हा कामाला लागतो. तिन्ही पद्धतींत ही सर्वांत जालीम.

तिघांचं ऐकून-बघून साध्या माणसाला वाटतं, एवढं सगळं वरून लावावं लागतं तर ब्राउझर बनवणाऱ्यांनी इतकी वर्षं केलं काय? त्याला इतिहास आहे. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं इंटरनेट वापरलेल्यांना तो आठवत असेल. इंटरनेट एक्सप्लोररच्या माथ्यावर तेव्हा टूलबारांचे थर असत. एक शोधाचा, एक हवामानाचा, एक हसऱ्या चेहऱ्यांचा, आणि एक कशाचा ते कॅफेच्या मालकालाही ठाऊक नसे. हे टूलबार कुणी मुद्दाम मागवलेले नसत. गाणी वाजवायचं एखादं सॉफ्टवेअर घेताना तळाशी बारीक अक्षरांत एक चौकोन असे, त्यात आधीच टिकमार्क केलेली असे, आणि आपण सगळे "नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश" या मंत्रावर वाढलेले. परिणामी पडद्याचा वरचा अर्धा भाग टूलबारांचा आणि खालच्या अर्ध्यात, फटीतून दिसावा तसा, दहावीचा निकाल.

९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिचं बारसं तीनदा झालं होतं. आधी ठेवलेलं फिनिक्स हे नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं, म्हणून फायरबर्ड केलं. फायरबर्ड नावाचा डेटाबेस आधीपासून होता, म्हणून मग फायरफॉक्स. या ब्राउझरमागचा विचार साधा होता: मूळ ब्राउझर सडपातळ ठेवू, ज्याला जे हवं ते त्यानं वरून जोडावं. आता "ज्याला जे हवं ते" हे शब्द माणसांसमोर उच्चारण्यात किती धोका आहे, हे कुठल्याही लग्नाच्या आचाऱ्यानं त्यांना सांगितलं असतं. बघता बघता हजारो ॲड-ऑन आली. क्रोम आला २००८ मध्ये आणि २०१० च्या सुरुवातीला त्यानंही एक्स्टेन्शनांना दार उघडलं. नाव वेगळं, गोष्ट तीच. तेव्हापासून सडपातळ ब्राउझर घेऊन त्याला लठ्ठ करण्याचा उद्योग जगभर सुरू आहे.

सुचवण्याची सुरुवात नेहमी जाहिराती अडवणाऱ्या ॲड-ऑनपासून होते, आणि ते रास्त आहे. साबुदाण्याची खिचडी कशी करायची हे बघायला पान उघडावं, तर साबुदाणा दिसण्याआधी म्युच्युअल फंड, गुडघेदुखी, ठाणे-घोडबंदरचे टू बीएचके आणि "हे एक काम करा, पोटाचा घेर विसरा" एवढं ओलांडावं लागतं. पोटाचा घेर विसरायचा असता तर माणूस खिचडीच्या पानावर आला असता का?

इथे जाणकार ज्याचं नाव घेतो ते यूब्लॉक ओरिजिन. हे ॲड-ऑन रेमंड हिल नावाच्या गृहस्थांचं. ते फुकट आहे, त्यात जाहिरात नाही, आणि हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. हे शेवटचं वाक्य मराठी घरात सांगितलं की शांतता पसरते. "देणगी घेत नाही? मग त्याचं भागतं कशावर?" मेव्हण्यांना हा व्यवहार कुठेतरी लाल शाईत दिसू लागतो. वर्गणी मागणारा माणूस आपल्याला कळतो. पावतीपुस्तक घेऊन दारात उभा असतो, त्याला टाळता येतं. वर्गणी नको म्हणणाऱ्यापुढे आपण निःशस्त्र होतो.

त्यातही नावाची खबरदारी घ्यावी लागते. हिल यांनी २०१४ मध्ये मूळ यूब्लॉक तयार केलं, पुढच्या वर्षी कारभार दुसऱ्याच्या हाती दिला. नव्या कारभाऱ्यांनी देणग्या मागायला सुरुवात केली, तेव्हा हिल यांनी आपली वेगळी शाखा पुढे चालवली, ती "ओरिजिन". मूळचं नाव एकाकडे आणि मूळचा आचारी दुसऱ्याकडे, हा प्रकार मिसळीच्या दुकानांमुळे आपल्याला अनोळखी नाही. म्हणून सुचवणारा दोनदा बजावतो, "ओरिजिन बघून घ्या." दुसरीकडे ॲडब्लॉक प्लस या जुन्या ॲड-ऑननं २०११ पासून काही "सभ्य" जाहिरातींना वाट मोकळी ठेवली आणि त्या योजनेत मोठ्या कंपन्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. ही व्यवस्था मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मग मध्येच क्रोमनं नियम बदलले. पूर्वी जाहिरात अडवणारं ॲड-ऑन पानाची प्रत्येक मागणी स्वतः तपासून जागच्या जागी थांबवू शकत असे. मॅनिफेस्ट व्ही-थ्री या नव्या नियमावलीत त्यानं अडवायच्या गोष्टींची यादी ब्राउझरकडे आधीच सोपवायची, आणि अडवण्याचं काम ब्राउझर करणार. कारण सांगितलं सुरक्षिततेचं आणि वेगाचं. ते पूर्ण खोटं नाही, हीच त्यातली गोम. फक्त ज्या कंपनीची मुख्य कमाई जाहिरातींवर चालते तिनंच जाहिराती अडवण्याचे नियम ठरवावेत, एवढं एक मनात राहतं. २०२४ आणि २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनं क्रोमवर टप्प्याटप्प्यानं बंद पडली. आता तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं आणि पूर्ण ताकदीचं फायरफॉक्सवर. भाच्याच्या मते क्रोम सोडण्याला एवढं कारण पुरेसं आहे. मेव्हण्यांच्या मते बुकमार्क हलवण्याचा त्रास जाहिरातींपेक्षा मोठा आहे. दोघांचंही खरं आहे, म्हणून हा वाद दिवाळीपर्यंत चालतो.

जाता जाता एक सांगायला हवं. "मराठी पत्रकारितेचा दर्जा किती घसरलाय!" अशी हळहळ व्यक्त करणारे बरेच जण ती पत्रकारिता जाहिराती पुसून, पैसे न देता वाचतात. आवडत्या साइटपुरतं ॲड-ऑन बंद ठेवण्याचं बटण त्या चिन्हातच असतं. ते एका टिचकीचं काम आहे, पण एवढी बारीक सोय सुचवणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.

दुसरा नंबर पासवर्ड सांभाळणाऱ्यांचा. आपल्याकडे पासवर्ड सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. ते दिनदर्शिकेच्या पाठीमागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहिलेले असतात, आणि डिसेंबर संपला की रद्दीवाल्याकडे जातात. काही घरांत सगळ्यांसाठी मिळून एकच पासवर्ड असतो: थोरल्या मुलीचं नाव आणि तिचं जन्मवर्ष. धाकट्याला हे कळलं की वेगळाच प्रश्न उभा राहतो. बिटवॉर्डनसारखं ॲड-ऑन लांबलचक, निरर्थक पासवर्ड तयार करतं, लक्षात ठेवतं आणि जागेवर भरतं. आपण फक्त एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो माणूस दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहितो.

थट्टा बाजूला ठेवू, कारण या ॲड-ऑनचा खरा उपयोग सुचवणारेही क्वचित सांगतात. ते पासवर्ड भरण्याआधी साइटचा पत्ता जुळवून बघतं. बँकेसारखं दिसणारं बनावट पान माणसाला फसवतं, कारण माणूस रंग आणि बोधचिन्ह बघतो. ॲड-ऑन रंग बघत नाही, पत्ता बघतं, आणि एका अक्षराचा फरक असला तरी पासवर्ड पुढे करत नाही. अशा वेळी आपण चिडून तो हातानं टाइप करू नये, एवढीच त्याची आपल्याकडून अपेक्षा असते. ती बहुधा पुरी होत नाही.

तिसरं डार्क रीडर. हे पांढरी पानं काळी करतं. रात्री अकरानंतर, घरातले झोपलेले असताना एखाद्या सरकारी खात्याचं पान उघडून बघा. त्या पांढऱ्या उजेडात शेजारच्या खोलीतली आजी "पहाट झाली का गं?" असं विचारते. डार्क रीडरनं डोळ्यांना आराम मिळतो. मात्र सातबारा, फी भरल्याची पावती, लग्नाची पत्रिका असं काहीही काळ्यावर पांढरं दिसू लागतं, आणि पत्रिका काळी दिसल्यावर घरात जो गोंधळ होतो त्याला कुठल्याही ॲड-ऑनमध्ये सेटिंग नाही.

चौथ्या जातीची ॲड-ऑन माणसाला सुधारण्यासाठी असतात. लीचब्लॉक हे त्यातलं प्रामाणिक. कुठल्या साइटवर दिवसात किती वेळ घालवायचा, कुठल्या तासांत तिथे फिरकायचंच नाही, हे आपणच ठरवून द्यायचं. वेळ संपली की दार बंद. एक जानेवारीला ते लावतात आणि मकरसंक्रांतीपर्यंत त्याच साइट दुसऱ्या ब्राउझरमधून बघायला शिकतात. टॅब आवरणारी ॲड-ऑनही याच पंथातली. उघडे साठ टॅब ती एका यादीत बंद करून ठेवतात. यादी सुबक दिसते, मन हलकं होतं, आणि नवे साठ टॅब उघडायला जागा होते. "नंतर वाचू" म्हणून लेख साठवणारं पॉकेट तर फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०१७ मध्ये विकत घेतलं होतं. जुलै २०२५ मध्ये ते बंद झालं. आपले जपून ठेवलेले लेख उतरवून घ्या, अशी सूचना सगळ्यांना मिळाली, आणि आपण काय काय वाचणार होतो हे अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं.

व्हिडिओवाल्यांसाठी स्पॉन्सरब्लॉक आहे. यूट्यूबवरच्या व्हिडिओतला प्रायोजकाचा, "सबस्क्राइब करा, घंटी दाबा"चा भाग ते परस्पर ओलांडतं. कुठून कुठपर्यंत ओलांडायचं त्या खुणा बघणारे लोकच करून ठेवतात. म्हणजे हे ॲड-ऑन लोकांच्या कष्टांवर चालतं, आणि ज्या व्हिडिओवर कुणी कष्ट घेतले नसतील तिथे हात टेकतं. थालीपिठाच्या व्हिडिओत "नमस्कार मंडळी"पासून भाजणीपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तो वाचवायचा तर आपल्यापैकीच कुणीतरी पुढे व्हायला हवं. सार्वजनिक कामाची एवढी सोपी संधी दुसरी मिळायची नाही.

मराठीसाठी काय आहे, हे विचारणारा माणूस मात्र विरळा. गूगल इनपुट टूल्स आहे, ते लावलं की रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळते. फायरफॉक्सला मराठी शुद्धलेखनाचा शब्दकोशही जोडता येतो. त्याची अडचण त्याच्या आळसात नाही, आपल्या भाषेच्या उत्साहात आहे. इंग्रजीतल्या नामाला एकवचन, अनेकवचन झालं की फारसं काही उरत नाही. आपल्याकडे एक "घर" घ्या. घराला, घराचा, घरातून, घरासमोरचा, घरासमोरच्यानं, घरासमोरच्यांनीसुद्धा. इतकी रूपं कुठला कोश पाठ करणार? त्याला ओळख पटली नाही की खाली लाल नागमोडी रेघ येते. तरीही मी ते लावायला सांगतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत घरातल्या माणसांनी चूक दाखवली तर अबोला होतो, ब्राउझरनं दाखवली तर होत नाही.

खरेदीची ॲड-ऑनही लोकप्रिय. दुकानाच्या पानावर गेलात की ती सवलतीची कूपनं शोधतात. आपल्याला वाटतं, घासाघीस करायला फुकट माणूस मिळाला. हनी नावाचं असंच एक फुकट ॲड-ऑन बनवणारी कंपनी पेपालनं विकत घेतली, व्यवहार २०२० च्या जानेवारीत पुरा झाला, किंमत सुमारे चार अब्ज डॉलर. फुकट वाटायच्या वस्तूला कुणी चार अब्ज डॉलर मोजत असेल, तर त्यात आपलंही काहीतरी मोजलेलं असणार. आपण काय विकत घेतो, कधी घेतो, किती वेळ नुसतं बघून परत जातो, ही माहिती लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारानंही कधी फुकट दिलेली नाही.

इथे मूळ मुद्द्याशी येतो. ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरमधला पोटभाडेकरू. ते लावताना एक चौकट येते आणि सांगते, की हे "सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचू व बदलू" शकेल. "सर्व" हा शब्द दोनदा येतो, आणि "बदलू" हा शब्द तर कुणी वाचतच नाही. आपण "जोडा" म्हणतो. खऱ्या घरात भाडेकरू ठेवताना आपण त्याची माहिती पोलिस ठाण्यात देतो, अकरा महिन्यांचा करार करतो, डिपॉझिट घेतो, आणि तो मांसाहारी आहे का याची चौकशी त्याच्या आत्तेभावापर्यंत जाऊन करतो. ब्राउझरमध्ये आलेल्याला मात्र पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या, कपाटासकट. तो आपली पत्रं वाचतो, बँकेच्या पासबुकात डोकावू शकतो, आणि त्याचं नाव विचाराल तर आपल्याला फक्त चिन्हाचा रंग आठवतो.

बहुतेक भाडेकरू सज्जन असतात. पंचाईत होते ती भाडेकरू परस्पर बदलतो तेव्हा. ग्रेट सस्पेंडर नावाचं एक चांगलं ॲड-ऑन होतं. वापरात नसलेले टॅब झोपवून संगणकाची स्मृती वाचवणारं. वीस लाखांहून अधिक लोकांनी ते लावलं होतं. २०२० मध्ये ते मूळ कर्त्यानं विकलं. कुणाला, हे वापरणाऱ्यांना कळलं नाही. चिन्ह तेच, नाव तेच, खोलीतला माणूस निराळा. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनं त्यात घातक भाग असल्याचं सांगून ते सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. साइटचं रूप बदलणाऱ्या स्टायलिशचंही मालक बदलल्यावर असंच झालं. लोक काय काय बघतात याची नोंद ते गोळा करत असल्याचं उघड झालं आणि २०१८ मध्ये ते ब्राउझरांच्या ॲड-ऑन दुकानांतून काढून टाकण्यात आलं. आणि या सगळ्यावर कडी केली वेब ऑफ ट्रस्टनं. कुठली साइट विश्वासाची आणि कुठली नाही, हे सांगण्याचं त्याचं काम. २०१६ मध्ये एका जर्मन प्रसारण संस्थेनं दाखवून दिलं, की त्यानं गोळा केलेली लोकांच्या फिरण्याची माहिती बाजारात विकली जात होती. म्हणजे विश्वासू कोण याची यादी त्याच्याकडे होती, फक्त त्या यादीत स्वतःचं नाव घालायचं राहून गेलं होतं.

उलट उदाहरणंही आहेत, ती सांगितली नाहीत तर पाप लागेल. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर हे ॲड-ऑन इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि टॉर प्रकल्पानं २०१० मध्ये काढलं. साइटशी होणारा संवाद सुरक्षित मार्गानंच व्हावा, एवढंच त्याचं काम. पुढे बहुतेक साइट सुरक्षित झाल्या, ब्राउझरमध्येच ती सोय आली, आणि २०२३ च्या सुरुवातीला हे ॲड-ऑन निवृत्त झालं. काम झालं म्हणून बंद केलं! ज्यानं एखाद्या सुवर्णमहोत्सव समितीवर काम केलं आहे आणि महोत्सवानंतर सात वर्षांनीही तिच्या बैठकांना जातो आहे, त्याला यातली असामान्य गोष्ट कळेल.

भाडेकरूंच्या गर्दीची सवय किती लागते, ते मे २०१९ मध्ये दिसलं. फायरफॉक्समध्ये ॲड-ऑनची ओळख पटवणारं एक प्रमाणपत्र असतं. त्याची मुदत ४ मेला संपली आणि नूतनीकरण राहून गेलं. जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन भराभर बंद पडू लागली. शनिवार होता. लोक सुट्टीच्या दिवशी उठले आणि त्यांना कळलं, की इंटरनेटवर अजून जाहिराती आहेत, त्या हलतात, आणि त्यातल्या काही बोलतातसुद्धा. जगातल्या एवढ्या हुशार मंडळींचं प्रमाणपत्राचं नूतनीकरण राहतं हे वाचून, वाहनाचा विमा संपल्यावर आठवणाऱ्या आपल्यासारख्यांना जो धीर आला, त्याला तोड नाही.

एवढं सगळं सुचवून झाल्यावर वहिनी विचारतात, "पण मी तर सगळं फोनवरच बघते. त्यात कसं लावायचं?" इथे बहुतेक जाणकारांचा चहा गार होतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन लावता येत नाहीत. फायरफॉक्सवर लावता येतात, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून तिथे निवडही बरीच खुली झाली आहे. पण वहिनींना नवा ब्राउझर नको असतो, त्यांना खिचडी हवी असते. तेवढ्यात त्यांची खिचडी झालेलीही असते, कारण त्यांनी ती आईला फोन करून विचारलेली असते. आईच्या फोनमध्ये जाहिरात नसते. सल्ले असतात, पण ते अडवणारं काही निघालेलं नाही.

तर मला विचाराल, आणि न विचारताही सांगण्याची ही जातच आहे, तर माझी यादी छोटी आहे. जाहिराती अडवणारं एक, पासवर्ड सांभाळणारं एक, डोळ्यांसाठी लागलंच तर एक, आणि मराठी लिहीत असाल तर एक. चार झाली. पाचवं घ्यायचं तर आधीच्यातलं एक काढून. लावताना ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, बनवणाऱ्याचं नाव वाचा, शेवटची सुधारणा कधी झाली ते बघा. हवामान सांगणाऱ्या ॲड-ऑनला तुमच्या सगळ्या पानांवर हक्क कशासाठी हवा, हे स्वतःला विचारा. क्रोममध्ये ॲड-ऑनला "टिचकी मारेन तेव्हाच" एवढाच प्रवेश देता येतो, ती सोय वापरा. बँकेच्या कामासाठी एक वेगळं प्रोफाइल ठेवा आणि त्यात पासवर्डवालं सोडून काहीही लावू नका, भाच्यानं कितीही गळ घातली तरी.

आणि आज हा अंक खाली ठेवलात की एक काम करा. ब्राउझरच्या कोपऱ्यातलं कोड्याच्या तुकड्याचं चिन्ह दाबा आणि यादी वाचा. ज्याचं नाव वाचून "हे कधी आलं?" असा प्रश्न पडेल, ते त्याच क्षणी काढून टाका. ब्राउझर काही जणांचा हलका होईल, काही जणांचा नाही, पण आपल्या घरात कोण कोण राहतं हे सगळ्यांनाच कळेल. पुढच्या वेळी कुणी "जरा सरका" म्हणालं, तर सरकायला हरकत नाही. फक्त नवं काही लावू देण्याआधी त्याला विचारा, याचा मालक कोण? उत्तर आलं नाही, तर चहा द्या आणि खुर्ची परत घ्या.